बडी गायचा नवा अल्बम आणि आपले दाक्षिण्य

३० जुलै २०२५ रोजी बडी गाय या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाने वयाची ८९ वर्षे पूर्ण केली आणि त्याच दिवशी त्याचा 'एन्ट डन विथ द ब्लूज' हा नवा स्टुडिओ अल्बम बाजारात आला. ब्लूजशी असलेले आपले नाते अजून संपलेले नाही, असा या शीर्षकाचा सरळ अर्थ. अल्बममध्ये अठरा गाणी आहेत. (या आडनावाचा उच्चार मराठी वाचकाला क्षणभर हसवणार, त्याला आमचा इलाज नाही. शिवाय ज्याचे गाणे जवळचे वाटते त्याला आपल्याकडचा रसिक एकेरीतच संबोधतो. तेव्हा आम्हीही त्याला यापुढे नुसते बडी म्हणणार आहोत.)

वयोवृद्ध कलावंताच्या नव्या निर्मितीवर लिहिताना टीकाकाराची लेखणी आपसूक मऊ होते. 'वयाच्या मानाने आवाज अजून खणखणीत आहे', 'या वयातही बोटे काय फिरतात!' अशी वाक्ये न ठरवता उमटतात. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या मैफलींतही हा अनुभव नवा नाही. गायकाच्या एका षड्जाला टाळी पडते, आणि ती त्या षड्जाला असते की गायकाच्या पंचाहत्तरीला, हे टाळी देणाऱ्यालाही सांगता येत नाही. या अल्बमवरचा आमच्या वाचनात आलेला बराचसा मजकूर याच दाक्षिण्याने भरलेला आहे. आमच्या मते असे दाक्षिण्य हा अनादराचाच एक सभ्य प्रकार होय. कलावंताकडून आता काही अपेक्षा उरलेली नाही, अशी कबुली त्यात दडलेली असते. बडीकडून आमची अजून अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण करण्याची ताकद त्याच्यात आहे याचा पुरावा याच अल्बममध्ये आहे. म्हणूनच अल्बमचा मोठा भाग आम्हांला निराश करतो.

ही तक्रार कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बडीचा जन्म १९३६ चा, लुइझियानातील लेट्सवर्थ या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवणारे. २५ सप्टेंबर १९५७ रोजी तो शिकागोला पोहोचला. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर अशी मंडळी त्या काळी त्या शहरात रोज रात्री वाजवत होती. या मांदियाळीत टिकायचे तर वेगळे काही करून दाखवणे भाग होते. न्यू ऑर्लीन्सच्या गिटार स्लिमकडून त्याने एक युक्ती उचलली: गिटारला लांबलचक वायर जोडायची आणि वाजवत वाजवत थेट श्रोत्यांत, प्रसंगी दाराबाहेर रस्त्यावर जायचे. अँप्लिफायर इतका चढवायचा की सुराच्या कडा फाटाव्यात. तार ओढून सूर कुठवर न्यायचा याला मर्यादा ठेवायची नाही. पुढे ज्याला ब्लूज-रॉक म्हटले गेले त्याची बरीचशी सामग्री या तरुणाच्या रात्रीच्या कार्यक्रमांत तेव्हाच तयार होती.

चेस रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत मात्र तिला मज्जाव होता. मालक लेनर्ड चेसला तो आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट वाटे. १९६० पासूनच्या सात-आठ वर्षांत बडीने चेससाठी उत्तम गाणी ध्वनिमुद्रित केली, पण ती शिस्तीत, भोवती ब्रास वाद्यांचे कुंपण घालून. बाकी वेळ तो इतरांच्या ध्वनिमुद्रणात साथीला वाजवी. समुद्रापार एरिक क्लॅप्टनने १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये बडीला तिघांच्या संचात वाजवताना पाहिले आणि 'क्रीम' या आपल्या त्रिकुटाची कल्पना तिथेच सुचल्याचे तो पुढे सांगत राहिला. जिमी हेंड्रिक्स बडीच्या कार्यक्रमाला जाऊन बसे. त्या दोघांच्या तबकड्यांचा खप पाहून लेनर्ड चेसने बडीला बोलावून घेतले आणि 'मला लाथ घाल' म्हणत पाठ वळवून वाकून दाखवले, असे बडी स्वतः सांगतो. किस्सा रंगवलेला असेल. पण उशीर खराच झाला होता.

बडीचे स्टुडिओशी असलेले नाते असे मुळापासूनच बिनसलेले आहे. जमलेला प्रसंग आठवायचा तर १९६३ चा. मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर' हा विजेविना वाजवायचा अल्बम करायचा होता आणि चेसला त्यासाठी जुन्या वळणाचा कुणी म्हातारा वादक हवा होता. मडीने आणला सत्तावीस वर्षांचा बडी. हे पोरगे काय वाजवणार, असे वाटणाऱ्यांनी तो अल्बम आज पुन्हा ऐकावा. मडीच्या ओळी संपतात तिथे बडी दोन-तीन सूर ठेवतो आणि थांबतो. जोरात वाजवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाचे खरे सामर्थ्य त्या थांबण्यात आहे, असे आमचे जुने मत आहे. मैफलीतही तो एकाएकी आवाज इतका खाली आणतो की श्रोत्यांना श्वास रोखावा लागतो, आणि मग वीज पडावी तसा एक सूर येतो. मुंबईकरांना हे ऐकीव नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव प्रथम भरला तेव्हा त्यातला प्रमुख कलावंत बडीच होता, आणि २०२३ मध्येही तो तेथे येऊन वाजवून गेला. ज्यांनी त्याला केवळ तबकड्यांवर ऐकले आहे आणि ज्यांनी समोर ऐकले आहे, त्यांची त्याच्याविषयीची मते जुळत नाहीत. हा दोष श्रोत्यांचा नव्हे.

१९८० च्या दशकात बराच काळ त्याच्याशी करार करायला अमेरिकेतील एकही रेकॉर्ड कंपनी पुढे आली नव्हती. मग १९९१ मध्ये 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' आला आणि पारडे फिरले. त्यात क्लॅप्टन होता, जेफ बेक होता, मार्क नॉफ्लर होता. शिष्यांनी गुरूला हात धरून दुकानात आणले, असे तेव्हाचे दृश्य. त्यात कृतज्ञता होती, आणि गोऱ्या रॉक संगीताच्या श्रोत्यापुढे ठेवलेले एक शिफारसपत्रही होते. ग्रॅमी मिळाले. शिफारसपत्राची पद्धत मात्र कायमची मागे लागली. पुढच्या अल्बमांवरची नावे पाहा: २०१८ मध्ये मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि पुन्हा जेफ बेक, २०२२ मध्ये एल्विस कॉस्टेलो आणि जेम्स टेलर, आणि २०२५ मध्ये जो वॉल्श, पीटर फ्रॅम्प्टन, जो बोनामासा. ज्याच्याकडून हे सारे शिकले त्याला पंचाऐंशीनंतरही यांच्या सहीची गरज का भासावी?

२००८ च्या 'स्किन डीप'पासून बडीच्या स्टुडिओ अल्बमांची सूत्रे टॉम हॅम्ब्रिज या ढोलवादक-गीतकार-निर्मात्याकडे आहेत. माणूस कुशल आहे, बडीवर त्याचे प्रेम आहे हेही ऐकताना जाणवते. त्याच्याच देखरेखीखाली बडीला उतारवयात पुन्हा ग्रॅमी मिळाले. पण त्याने एक साचा तयार केला आहे. बडीशी गप्पा मारायच्या, तो बोलता बोलता जे सांगेल त्यातून गाणे बेतायचे, आणि बडीने ते गायचे. परिणाम असा की गेली सतरा वर्षे बडी मुख्यतः बडीविषयी गातो आहे: आपण कुठून आलो, गिटारसाठीच कसे जन्मलो, अजून तरुण कसे आहोत, ब्लूज अजून जिवंत कसा आहे. या अल्बमांची नावेच पाहिली तरी पुरे. चेसच्या स्टुडिओत त्याला सांगत, 'कमी वाज'. या स्टुडिओत त्याला सांगितले जाते, 'आणखी बडी गाय हो'. दोन्ही ठिकाणी ठरवणारा दुसराच कुणी असतो.

यावर आक्षेप घेता येईल, तो आम्हीच मांडतो. ब्लूजमध्ये गायकाने स्वतःचे नाव घेणे, स्वतःची फुशारकी मारणे, खुद्द ब्लूजलाच माणूस समजून त्याच्याशी बोलणे हे सारे पहिल्यापासून आहे. हे मान्य. बडीचे चेसकडचे सुरुवातीचे गाणेही ब्लूजशी झालेल्या पहिल्या भेटीचेच होते. पण त्या गाण्यात ब्लूज मागे लागलेल्या श्वापदासारखा येतो आणि गाणारा भ्यालेला असतो. नव्या गाण्यांत ब्लूज हा सत्कार समारंभाचा विषय होऊन बसतो. 'ब्लूज चेस द ब्लूज अवे', 'हाऊ ब्लूज इज दॅट', 'ब्लूज ऑन टॉप' ही तीन शीर्षके एकाच अल्बममधली आहेत. दुःखाविषयीचे गाणे आणि दुःखाच्या गाण्याविषयीचे गाणे यांत जे अंतर असते ते इथे जागोजाग जाणवते.

म्हातारपणाचेच उदाहरण घ्या. मिसिसिपीत ध्वनिमुद्रित होऊन २००१ मध्ये आलेल्या 'स्वीट टी' या अल्बमची सुरुवात ज्युनियर किंब्रोच्या 'डन गॉट ओल्ड' या गाण्याने होते. बडी तेव्हा चौसष्ट-पासष्टचा. सोबत एक गिटार, दुसरे काही नाही. पूर्वी जे जमत असे ते आता जमत नाही, एवढेच तो सांगतो. दिलासा देत नाही, मागतही नाही. त्यानंतर २०१० मध्ये आपण चौऱ्याहत्तर वर्षांचे 'तरुण' असल्याचे गाणे आले आणि नव्या अल्बममध्ये फ्रॅम्प्टनच्या साथीने 'इट कीप्स मी यंग'. वय वाढत गेले तसतसे गाण्यातले म्हातारपण कमी होत गेले! एकोणनव्वदाव्या वर्षाविषयी सांगण्यासारखे या माणसाजवळ किती असेल. त्याची भावंडे गेली, मडी १९८३ मध्ये गेला, ज्युनियर वेल्स १९९८ मध्ये, बी. बी. किंग २०१५ मध्ये. त्या शिकागोतला तो आता जवळजवळ एकटा उरला आहे. त्या एकटेपणाचे गाणे इतक्या पाहुण्यांच्या गर्दीत कसे ऐकू येणार?

आणि तरीही ते ऐकू येते, हेच तर आमचे म्हणणे आहे. अल्बमची सुरुवात 'हूकर थिंग' या अगदी छोट्या तुकड्याने होते. जॉन ली हूकरचे 'बूगी चिलन' हे बडीने लहानपणी गिटारवर बसवलेले पहिले गाणे. त्याचाच ठेका इथे हाताखाली येतो. पुढे तेराव्या क्रमांकावर 'वन फ्रॉम लाइटनिन' येतो, लाइटनिन हॉपकिन्सच्या आठवणीचा. तोही तसाच छोटा, तसाच उघडा. या दोन तुकड्यांत मोठा वाद्यमेळ नाही, कुणाची सही नाही. आवाजाला चिरा गेलेल्या आहेत आणि त्या लपवलेल्या नाहीत. सूर कधी ओळीच्या आधी पडतो, कधी नंतर. कुणी तरी खोलीत बसून स्वतःशीच वाजवत आहे आणि दार चुकून उघडे राहिले आहे, असे वाटते. 'फोक सिंगर'मध्ये थांबून वाट पाहणारा तो सत्तावीस वर्षांचा मुलगा इथे पुन्हा भेटतो. निर्मात्याला या तुकड्यांचे मोल कळलेले दिसते, नाहीतर त्याने ते ठेवलेच नसते. मग केवळ असेच तुकडे का नाहीत?

पाहुण्यांतही फरक केला पाहिजे. बोनामासा आणि वॉल्श येतात, आपापले काम चोख करून जातात. गाणे होते तिथेच राहते. मिसिसिपीच्या क्लार्क्सडेलमधून आलेला क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम मात्र 'व्हेअर यू अ‍ॅट'मध्ये काही तरी घडवतो. त्याचा जन्म १९९९ चा. दोघांत साठ वर्षांहून अधिक अंतर. तो बडीला वंदन करत बसत नाही, त्याच्याशी बोलतो, आणि बडीलाही उत्तर द्यावे लागते. त्याच्या पहिल्या अल्बमवर बडीने पाहुणा म्हणून हजेरी लावली होती. ती परतफेड असेल तर ती अशीच असावी. 'जीझस लव्ह्ज द सिनर'मध्ये ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा यांचे समूहगान आहे. तिथेही बडीचा आवाज आधार घेऊन हलका होतो, ते ऐकण्यासारखे आहे. जुन्या गाण्यांपैकी अर्ल किंगचे 'ट्रिक बॅग' आणि जे. बी. लेन्वारचे 'टॉक टू युवर डॉटर' मजेत गायली आहेत. या गाण्यांत त्याला स्वतःविषयी काही सिद्ध करायचे नाही, त्यामुळे तो मोकळा सुटतो.

योगायोग असा की याच वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, रायन कूगलरचा 'सिनर्स' हा चित्रपट आला. त्यात शेवटी म्हाताऱ्या सॅमीच्या भूमिकेत बडी दिसतो. प्रसंग लहान आहे, तो फारसे बोलतही नाही. साठ वर्षांमागची एक रात्र त्या चेहऱ्यावर आहे, आणि दिग्दर्शकाने कॅमेरा तिथे ठेवून धीर धरला आहे. अठरा गाण्यांच्या या अल्बममध्ये तसा धीर चार-पाच वेळाच धरलेला आढळतो.

ज्यांना सगळा अल्बम सलग ऐकायचा नसेल त्यांनी आधी 'हूकर थिंग' आणि 'वन फ्रॉम लाइटनिन' लागोपाठ ऐकावेत, मग किंगफिशबरोबरचे गाणे. त्यानंतर सवड असेल तर 'डन गॉट ओल्ड' शोधून काढावे, आणि ते संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नये.