फौजेच्या दुकानात तंबाखू कशाला?

बदनापुरात भल्या पहाटे जालन्याच्या रस्त्यावर कोणी आला, तर त्यास अंधारात दहा-वीस पोरे धावताना दिसतील. कोणी कोरडवाहू शेतकऱ्याचा, कोणी सुताराचा, कोणी मजुराचा. सोळाशे मीटरची धाव वेळेत संपावी, छाती भरावी, फौजेत नाव लागावे, एवढाच त्यांस ध्यास. पोराच्या पेल्यात दूध पडावे म्हणून घरची माउली स्वतः कोरा चहा पिते. पुढे भरतीच्या दिवशी डॉक्टर त्याचे डोळे, कान, दात, छाती सारे तपासतो. बाजारात बैल घेणारा जसा दात मोजतो आणि खांदा चाचपतो, तसेच हे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. देशरक्षणाचे काम दुबळ्याचे नव्हे. आमचा सवाल एवढाच की, असे पारखून घेतलेले शरीर एकदा हाती आल्यावर सरकारनेच त्यास तंबाखू विकावी काय?

सैनिक आणि तंबाखू यांची सोयरीक जुनी आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नाताळास राजकन्या मेरी हिच्या नावाने शिपायांस पितळी डब्या भेट म्हणून वाटल्या. शीख शिपायांच्या डबीत खडीसाखर होती व सोबत मसाला, कारण त्यांच्या धर्मास तंबाखू वर्ज्य. बहुतेक इतर हिंदी शिपायांस खडीसाखर व मसाल्याबरोबर सिगारेटचे पाकीटही मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, फौजेस माल पुरविणारे कॅन्टीनचे खाते उभे राहिले, आणि १९४८ पासून ते स्वतंत्र देशाच्या सरकारकडे आले. साबण, तेल, चहा, पेटी, पंखा हे सारे तेथे जवानास बाजारापेक्षा स्वस्त मिळते. ही सोय चांगली आहे आणि ती राहावी. परंतु साबणाच्या शेजारी त्याच फळीवर सिगारेटही वर्षानुवर्षे मांडली गेली, हे मात्र आम्हांस खटकते. साबण अंग धुतो आणि सिगारेट छाती जाळते. या दोहोंना एकच सवलत कशी शोभेल?

कोणी म्हणेल, जवान मरणाच्या दारात उभा असतो. त्याचा एवढासा विरंगुळा कशाला हिरावता? या म्हणण्यात माया आहे, हे आम्ही मानतो. परंतु तंबाखूचा विरंगुळा म्हणजे सावकाराचे कर्ज होय. आधी तीच तलफ लावते, आणि मग ती तलफ भागविल्याचे उपकारही तीच मिरविते. न ओढणाऱ्यास ती बेचैनी मुळी होतच नाही. शिवाय धुरातील विषारी वायू रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवितो. सियाचीनसारख्या उंचीवर, जेथे मुळात हवाच विरळ, तेथे ही अडवणूक किती महाग पडत असेल? तंबाखूने रक्ताच्या नळ्या आखडतात. म्हणून ओढणाऱ्याची बोटे हिमदंशाने लवकर जातात आणि जखम भरण्यास वेळ लागतो. शत्रूची गोळी चुकविता येईल, पण आपल्याच छातीतला शत्रू कसा चुकविणार?

तंबाखूवाचून धैर्य टिकत नाही, असे म्हणणारांनी शीख पलटणींकडे पाहावे. १८९७ साली सारागढीच्या चौकीवर एकवीस शीख शिपाई हजारोंच्या जमावाशी अखेरच्या श्वासापर्यंत लढले. त्यांचे धैर्य काही विडीतून आले नव्हते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. जवान सज्ञान आहे, त्याने काय ओढावे हे सांगणारे तुम्ही कोण? यास आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही त्याच्या खिशात हात घालीत नाही. ज्यास घ्यावयाची त्याने बाहेरून, बाहेरच्या भावाने घ्यावी. परंतु सरकारने दुकानदार होऊ नये. मनाई करणे वेगळे आणि आपण न विकणे वेगळे. एकीकडे पाकिटावर सडलेल्या तोंडाचे चित्र छापण्याची सक्ती करावयाची आणि दुसरीकडे तेच पाकीट आपल्या फळीवर मांडावयाचे, हे कुंपणानेच शेत खाणे झाले. या विक्रीच्या नफ्यातून जवानांच्या कल्याणास मदत होते, असेही सांगतात. पोराला आजारी पाडून त्याच्याच औषधास चार आणे देण्याला कल्याण म्हणत नाहीत. जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद असता त्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. लोकांच्या व्यसनावर सरकारी तिजोरी भरू नये, हा धडा आमच्या लोकांस नवा नाही.

हा प्रश्न इतर देशांतही निघाला आहे. अमेरिकेत शिपायाच्या शिध्यातच सिगारेट असे. ती १९७५ साली काढली. २०१४ साली तेथील आरमाराने जहाजांवर आणि तळांवर तंबाखू विकणे बंद करण्याचा विचार चालविला, तेव्हा स्वातंत्र्याच्या नावाने काही लोकप्रतिनिधीच आडवे आले. एवढ्या बलाढ्य देशास जे जड गेले ते आपणांस सोपे जाईल, असे आम्ही समजत नाही. पण अवघड म्हणून योग्य गोष्ट अयोग्य ठरत नाही.

आता या प्रश्नाची झळ आमच्या चुलीपर्यंत कशी येते, ते पाहा. २०२२ साली निघालेल्या अग्निवीर योजनेत पोरगा चार वर्षांसाठी भरती होतो. चौघांतील फार तर एक पुढे नोकरीत राहतो. तिघे गावी परततात. त्यांस एकरकमी पैसा मिळतो, परंतु पेन्शन नाही, आणि माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेली औषधोपचाराची योजनाही नाही. सतरा-अठरा वर्षांचे निर्व्यसनी पोर तळावर गेले, तेथे स्वस्त मिळाली म्हणून शिकले, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी ती तलफ घेऊन घरी आले, तर पुढची तीस वर्षे तिचा खर्च कोण भरणार? सरकारी सवलत तळाच्या फाटकाशी संपते. तलफ मात्र फाटक ओलांडून गावात येते. मग कापसाच्या पैशातून पाकीट, आणि शेवटी वावर गहाण टाकून कॅन्सरचे औषध. सरकार चार वर्षांचा हिशेब ठेवते, आम्हांस जन्माचा ठेवावा लागतो.

तंबाखू पिकविणारा शेतकरी आणि विड्या वळणारी बाई यांस आम्ही विसरलेलो नाही. निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडविला, तेव्हा गोळीबारात आमच्यासारख्याच कुणब्यांचे जीव गेले. त्यांचे दुःख ते आमचे दुःख. परंतु पाकिटाच्या किमतीतला मोठा वाटा कंपनीस आणि कराच्या तिजोरीस जातो. पान पिकविणाराच्या पदरात काय पडते, ते त्यालाच विचारा. त्यास दुसऱ्या पिकाचे बी, पाणी आणि खात्रीचा भाव द्यावा. एका कुणब्याचे पोट दुसऱ्या कुणब्याच्या पोराच्या फुप्फुसावर चालवावे, हा न्याय नव्हे.

सरकारास दोन शब्द सांगितले, आता घरच्यांस चार सांगणे प्राप्त आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक तंबाखूचे कोणते ना कोणते सेवन करणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, तर खाणारे व लावणारे. म्हणजे चौघांत एकाच्या घरी चंची, पुडी किंवा मिसरीची डबी आहेच. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलास ती देण्यास बंदी आहे. असे असता आमच्या वर्गातली मुले बापासाठी पुडी आणावयास जातात, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका मुलास आम्ही रागे भरलो, तर तो म्हणाला, "गुरुजी, नाही आणली तर दादा मारतात." आम्ही निरुत्तर झालो. जे पोर आठव्या वर्षी पुडीचा भाव शिकते, त्यास अठराव्या वर्षी छावणीच्या दुकानाने बिघडविले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून आमचे मागणे दोन्हीकडे आहे. सरकारने फौजेच्या कोणत्याही दुकानात तंबाखू ठेवू नये, व सवलतीने तर मुळीच देऊ नये. ज्या जवानास सोडावयाची आहे त्यास पलटणीच्या दवाखान्यात मदत मिळावी. अग्निवीरास निरोप देताना त्याची छाती आणि तोंड तपासून, उपचार लावूनच घरी धाडावे. आणि बंधुभगिनींनो, तुम्ही आजपासून पोरास पुडी आणावयास धाडू नका. ज्यास स्वतःची सवय सोडवत नाही, त्याने १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला विचारावा. त्यात लाज नाही.

पहाटे धावणारी ही पोरे आमच्या घरची पुंजी आहे. ती आम्ही देशास देतो, ती आनंदाने देतो. जशी दिली तशी धड परत मिळावी, एवढे मागण्याचा आम्हांस हक्क आहे.