जिवाणूंच्या जनुकांचे बटण आणि आपला अर्धवट कल्चर रिपोर्ट

पायाला गळू झालेला रुग्ण पस कल्चरचा रिपोर्ट घेऊन येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सापडलेला असतो. एरिथ्रोमायसिनपुढे ‘रेझिस्टंट’ आणि क्लिंडामायसिनपुढे ‘सेन्सिटिव्ह’ असे छापलेले असते. "डॉक्टर, मग क्लिंडामायसिन सुरू करायचे ना?" हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पण एवढ्या माहितीवर ‘हो’ म्हणणे धोक्याचे आहे. का, हे कळण्यासाठी जिवाणू आपली जनुके कशी चालवतात ते पाहावे लागेल.

जनुक म्हणजे एखादे प्रथिन बनवण्याची कृती. ई. कोलायसारख्या साध्या जिवाणूकडे अशी चार हजारांहून अधिक जनुके असतात. सगळी एकाच वेळी चालू ठेवणे त्याला परवडत नाही. खोलीत कोणी नसेल तर आपण पंखा बंद करतो, तसेच हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी जिवाणूंना दोन साखरा एकत्र देऊन पाहिल्या. ग्लुकोज आणि लॅक्टोज दिले, तर जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात, थोडा वेळ वाढ थांबते आणि मग लॅक्टोजवर पुन्हा वाढ सुरू होते. त्या थांबलेल्या वेळात लॅक्टोज पचवणारी एन्झाइम तयार होत असतात. फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्ये यामागचे बटण उलगडून दाखवले. एक प्रथिन डीएनएवर बसून लॅक्टोजची जनुके अडवून धरते. लॅक्टोज आत आले की त्यापासून बनलेला पदार्थ त्या प्रथिनाला चिकटतो, ते बाजूला होते आणि जनुके चालू होतात. या कामासाठी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना 1965 चे नोबेल मिळाले.

आता आपल्या रिपोर्टकडे परत येऊ. काही स्टॅफिलोकोकसमध्ये ‘अर्म’ नावाचे जनुक असते. जिवाणू जिथे प्रथिने बनवतो त्या रायबोसोममध्ये ते असा बदल घडवते, की एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही दोन्ही औषधे तिथे चिकटू शकत नाहीत. पण अनेकदा हे जनुक मिटलेले असते. त्याचा संदेश बनतो, पण तो घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा असतो, वाचता येत नाही. एरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन आले की रायबोसोम अडखळतो, घडी उघडते आणि चिठ्ठी वाचली जाते. क्लिंडामायसिन मात्र ही घडी सहसा उघडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत एकट्या क्लिंडामायसिनपुढे हा जिवाणू गरीब दिसतो आणि रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ येते.

मग अडचण काय? रुग्णाच्या शरीरात असे जिवाणू कोट्यवधी असतात. त्यातल्या एखाद्यात बदल होऊन घडी कायमची उघडी राहते. क्लिंडामायसिन बाकीच्यांना मारते, हा उरतो आणि वाढतो. सुरुवातीला बरे वाटते आणि मग उपचार फसतो. असे फसलेले उपचार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत.

हे ओळखण्यासाठी ‘डी टेस्ट’ आहे. कल्चर प्लेटवर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या 15 ते 26 मिलिमीटर अंतरावर ठेवायच्या. क्लिंडामायसिनभोवतीचे स्वच्छ वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसले, तर जिवाणूकडे बटण आहे. वेगळे यंत्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळते.

माझे मत स्पष्ट आहे. एरिथ्रोमायसिन ‘रेझिस्टंट’ आणि क्लिंडामायसिन ‘सेन्सिटिव्ह’ असेल, तर डी टेस्टचा निकाल लिहिल्याशिवाय तो रिपोर्ट लॅबने देऊच नये. डॉक्टरांनीही तो मागून घ्यावा. डी टेस्ट पॉझिटिव्ह असूनही काही रुग्ण क्लिंडामायसिनने बरे होतात, असा युक्तिवाद कोणी करेल. ते खरे आहे. लहानसे गळू तर बऱ्याचदा पू काढल्यानेच बरे होते. पण हाडाचा किंवा रक्तातला संसर्ग असेल तर नशिबावर कोण सोडणार? शिवाय टेस्ट निगेटिव्ह आली, तर हेच स्वस्त आणि उपयोगी औषध निर्धास्तपणे वापरता येते. म्हणजे फायदा दोन्हीकडून आहे.

आणि तुमच्यासाठी एक विनंती. मागच्या वर्षीचा रिपोर्ट दाखवून मेडिकलमधून तेच औषध आणू नका. सर्दी झाली म्हणून ॲझिथ्रोमायसिनही घेऊ नका. सर्दी विषाणूमुळे होते, त्यावर त्याचा उपयोग नाही. पण त्वचेवर आणि नाकात राहणाऱ्या जिवाणूंमध्ये ज्यांच्याकडे प्रतिकाराचे जनुक आहे, त्यांचे मात्र फावते. सुरू असलेले औषध मनाने बंद करू नका. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढेच विचारा, "डी टेस्ट केली आहे का?"