इंग्रजी समजलं का, हे मराठीत विचारा

मा. कुलगुरू,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ,
ज्ञानगंगोत्री, नाशिक



मी सातपूरला संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. पाळी संपवून येणारे ऑपरेटर, दवाखान्यातल्या मदतनीस बायका, रिक्षावाले, दिंडोरी-निफाडकडचे एक-दोन द्राक्षबागाईतदार. त्यातले काही आपल्याच विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणून हे पत्र आपल्याला. शिक्षण मंडळाला किंवा बालभारतीलाही लिहिता आलं असतं. पण त्यांचं काम बारावीला संपतं आणि माझी माणसं त्यानंतर सुरू होतात.

मागणी आधीच सांगते. मोठ्यांसाठी सोप्या इंग्रजीत, पायरीपायरीने चढत जाणारं वाचायचं आणि ऐकायचं साहित्य विद्यापीठाने तयार करावं. आणि ते समजलं की नाही, हे मराठीत विचारावं. प्रश्न मराठीत, उत्तरही मराठीत.

दुसरी मागणी विचित्र वाटेल, म्हणून आधी एक उतारा देते. ‘खुंबळ्याने भल्या पहाटे तिरपीत झमकी पेरली. झमकी लवकर घुसमारली, म्हणून खुंबळ्या फार फुरकटला.’ आता प्रश्न : खुंबळ्याने काय पेरलं? कुठे पेरलं? तो का फुरकटला? तिन्ही उत्तरं आपण बिनचूक द्याल आणि पैकीच्या पैकी गुण घ्याल. समजलेलं मात्र काहीच नसेल, कारण समजण्यासारखं त्यात काही नाही. शब्द मीच मनाने रचले आहेत.

आपल्याकडचा ‘अनसीन पॅसेज’ बहुतेक वेळा असाच सुटतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ज्या ओळीत सापडेल ती ओळ उतरवायची. हेही कौशल्य आहे, पण त्याला वाचन म्हणत नाहीत. तोच प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर मराठीत मागा. उतरवायला ओळच उरत नाही. ‘इंग्रजीच्या परीक्षेत मराठी कशी चालेल?’ असं कुणी म्हणेल. लिहिण्या-बोलण्याची परीक्षा जरूर इंग्रजीतच घ्या. पण समज तपासायची असेल, तर माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेतच ती उघडी पडते. सुरगाणा-पेठकडच्या विद्यार्थ्याने कोकणा बोलीत किंवा सटाण्याच्या बाईने अहिराणीत सांगितलं तरी माझी हरकत नाही.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं आज तिशीची आहेत. माझ्या वर्गात तीच बसतात. ‘असर’च्या पाहणीत, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी इंग्रजीतलं साधं वाक्य वाचू शकणारी मुलं २०१६ साली २४.७ टक्के होती आणि २०२२ साली २४.५ टक्के. हेही नुसतं वाचण्याचं. अर्थ सांगण्याची पायरी त्यापुढची. ऐकण्याचं तर कुणी विचारतच नाही. २०१९ मध्ये दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण नव्हते, निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि ते गुण लगेच परत आले. गुण गेले तेव्हाही आणि आले तेव्हाही ओरड टक्क्यांचीच होती. मुलांना ऐकून काय कळतं, हा प्रश्न मला त्या गदारोळात कुठे दिसला नाही.

आता मोठ्यांचं सांगते. बागाईतदारांना ‘पीएचआय’, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस, पाठ असतो, ‘रेसिड्यू’ हा शब्द तर घराघरात आहे. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अवशेषावरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हापासून जरा जास्तच. औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग ते लांबून ओळखतात. पण निर्यातीच्या औषधांची यादी किंवा खरेदीदाराचं पत्र वाचताना ते अडखळतात ते या मोठ्या शब्दांवर नाही. ‘अनलेस’, ‘अंटिल’, ‘नॉट लेटर दॅन’ असल्या बारक्या शब्दांवर गाडी घसरते. तारखेच्या आधी की नंतर, हे उलटंपालटं होतं. कारखान्यातल्या सूचनांचं आणि दवाखान्यातल्या डिस्चार्ज कार्डाचंही तेच. नामं सगळी ओळखीची, आणि वाक्याचा अर्थ मात्र उलटा लागलेला.

शहरात स्पोकन इंग्लिशचे क्लास रग्गड आहेत. ते बोलायला शिकवतात, म्हणजे ठरावीक वाक्यं घोकून घेतात. माझा एक विद्यार्थी फोनवर सुरुवात झकास करतो. पलीकडून उत्तर आलं की फोन शेजाऱ्याच्या हातात देतो. बोललेल्या इंग्रजीत शब्द एकमेकांत मिसळतात, निम्मी अक्षरं गिळली जातात. आणि जसं लिहिलेलं तसंच ऐकायची सवय असलेला मराठी कान प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो. तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. शिवाय बाजारातल्या ऑडिओत जो ब्रिटिश आवाज असतो, तो अंबडच्या ऑपरेटरच्या कानावर कधी पडणार? त्याला चेन्नईचा इंजिनिअर, कोलकात्याचा सप्लायर आणि झालंच तर व्हिडिओ कॉलवरचा जर्मन समजायला हवा.

या रोगावरचं औषध जुनं आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच उपखंडातला. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्यात होता. बंगाली मुलांना आधी इंग्रजी वाचता येणं जास्त उपयोगाचं, बोलणं मागून, असं त्याचं म्हणणं. त्याने मोजक्या शब्दांत, नवे शब्द अंतराअंतराने पेरत वाचनमाला लिहिल्या. पुढे १९५३ मध्ये सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची त्याची यादी आली. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या संशोधनातला हिशेब असा, की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एकच नवा. आपण ज्या उताऱ्यांवर माणसांना बसवतो, त्यात ओळीओळीला दोन-तीन नवे असतात. मग गाईड उघडलं जातं, दुसरं काय होणार?

आणि एक फिजीचं उदाहरण. १९८० च्या सुमारास वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीचशेच्या आसपास सचित्र पुस्तकं दिली. इंग्रजी त्या मुलांच्या घरची भाषा नव्हती. आठ महिन्यांत वाचन आणि श्रवण या दोन्हींत त्यांची प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली. भरपूर वाचल्याने कानही तयार झाला, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

लहान मुलांसाठी अशी पुस्तकं आता फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून पातळ्या पाडलेल्या गोष्टी इंग्रजीत आहेत, मराठीतही आहेत. पण दोन मुलांच्या बापाला सशाची गोष्ट किती दिवस वाचायला लावायची? त्याला मान खाली घालावी लागते, आणि चौथ्या दिवशी तो येत नाही. मोठ्यांच्या विषयावर, पण पाचशे-हजार शब्दांच्या शब्दसंग्रहात लिहिलेलं इंग्रजी मला तरी मिळालेलं नाही.

ते आपण करू शकता. १९८९ साली राम ताकवले सरांच्या कुलगुरुपदाखाली हे विद्यापीठ सुरू झालं, ते शिक्षण सुटलेल्यांपर्यंत पोचायला. एकट्याने घरी बसून वाचता येईल असं पुस्तक कसं लिहायचं, हे महाराष्ट्रात आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. दृक्‌श्राव्य केंद्र आपल्याकडे आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासकेंद्रं आहेत. आकाशवाणीचं नाशिक केंद्र इथेच आहे, आणि १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात या पुस्तिकांसाठी एखादं कपाट नक्कीच मागता येईल.

मोठा प्रकल्प, समिती, उद्‌घाटन यांची वाट बघू नये, असं मला वाटतं. आधी पाच पुस्तिका काढाव्यात : औषध फवारणी, यंत्रावरच्या सूचना, डिस्चार्ज कार्ड, कर्जाचं पत्र आणि ग्राहकाचा फोन. प्रत्येक विषय तीन पायऱ्यांत, प्रत्येकाला तीन-चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण, तेही वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांच्या आवाजात. आधी नुसतं ऐकायचं, मराठीत सांगायचं, मग छापील मजकूर उघडायचा. फोनवर फुकट उतरवून घेता यावं आणि परवानगी न मागता झेरॉक्स काढता यावी, एवढी मोकळीक हवी.

पहिली पुस्तिका फवारणीची घ्यावी, ही विनंती. ऑक्टोबर छाटणीच्या आधी ती हातात आली, तर माझ्या वर्गातले बागाईतदार ती वाचून, ऐकून, कुठे अडलं ते मराठीत लिहून आपल्याकडे पाठवतील.

आपली,
सातपूरची एक इंग्रजी शिक्षिका