समजून घ्या : आजारी मुलाला 'जास्त उपचार' म्हणजे 'चांगले उपचार' का नव्हेत?

मूल आयसीयूत असतं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या आई-वडिलांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'डॉक्टर, लागेल ते करा, पैशांचं आम्ही बघतो.' सलाईन लागलं की जरा धीर येतो. रक्ताची पिशवी लावली, ऑक्सिजन वाढवला की उपचार जोरात सुरू आहेत असं वाटतं. डॉक्टर नुसतं 'आम्ही लक्ष ठेवून आहोत' म्हणाले, की मात्र मनात शंकेची पाल चुकचुकते.

गेल्या दीड-दोन दशकांत गंभीर आजारी मुलांवर आणि मुलांच्या शस्त्रक्रियांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी नेमक्या याच समजुतीला धक्का दिला आहे. यातल्या काही तर अगदी अलीकडच्या आहेत. पण त्यांचे निष्कर्ष पालकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाहीत, आणि यात आमच्यासारख्या बातम्या देणाऱ्यांचाही दोष आहे.

सलाईनचा धडा

सुरुवात आफ्रिकेपासून करायला हवी. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला भराभर सलाईन द्यायचं, हा जगभरातला शिरस्ता होता. तो योग्यच असणार, असं सगळे धरून चालले होते. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ६ रुग्णालयांत 'फीस्ट' नावाच्या चाचणीत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. ३,१४१ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. दोन गटांना भराभर द्रव दिलं (एकाला सलाईन, दुसऱ्याला अल्ब्युमिन) आणि तिसऱ्या गटाला फक्त रोजच्या गरजेपुरतं.

४८ तासांत भराभर द्रव मिळालेल्या गटांमध्ये १०.६ आणि १०.५ टक्के मुलं दगावली. तिसऱ्या गटात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. म्हणजे दर शंभर मुलांमागे साधारण तीन मृत्यू जास्त, तेही जीव वाचवण्यासाठी दिलेल्या उपचारामुळे. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा वैद्यकीय जगात खळबळ उडाली.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. या चाचणीत जुलाब-उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालेली मुलं नव्हती. त्यांना पाणी, ओआरएस, गरज पडल्यास सलाईन लागतंच. शिवाय या रुग्णालयांत व्हेंटिलेटर आणि आयसीयूची सोय जवळपास नव्हती. म्हणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या मुलांसाठी दोन वेगळे नियम आले. आयसीयू असेल तिथे द्रव द्यावं, पण थोडं-थोडं आणि दर वेळी मुलाला तपासून. आयसीयू नसेल आणि रक्तदाब पडलेला नसेल, तर भराभर द्रव देऊ नये. तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांसाठी हा दुसरा नियम किती महत्त्वाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्सिजन, रक्त, अन्न : तिन्हीकडे तेच

फीस्टनंतरही असे अनुभव आले, आणि रक्ताबाबत तर आधीच आला होता.

ऑक्सिजन : इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या १५ बालअतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवर असलेल्या २,०४० मुलांवर 'ऑक्सी-पीआयसीयू' ही चाचणी झाली. एका गटात ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांच्या वर ठेवली, दुसऱ्यात ८८ ते ९२ च्या दरम्यान. २०२३ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. कमी पातळीच्या गटाची प्रकृती थोडी, पण मोजता येईल इतकी, चांगली राहिली. कोविडमध्ये ऑक्सिमीटरवरच्या आकड्याने आपली झोप उडवली होती. त्यामुळे हा निष्कर्ष पचायला जड जातो. (हे फक्त आयसीयूतल्या, सतत देखरेखीखालच्या मुलांसाठी आहे. घरी आकडा घसरला तर थेट रुग्णालय गाठायचं.)

रक्त : हिमोग्लोबिन ९.५ च्या खाली गेलं की रक्त द्यायचं, की ७ पर्यंत थांबायचं? २००७ मधल्या चाचणीत प्रकृती स्थिर असलेल्या ६३७ मुलांमध्ये दोन्ही गटांत अवयव निकामी होण्याचं प्रमाण सारखंच, १२ टक्के होतं. थांबणाऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त मुलांना रक्ताची एकही पिशवी लागली नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात रक्तपेढ्यांत खडखडाट असतो, तेव्हा या आकड्याची किंमत कळते.

अन्न : बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातल्या १,४४० मुलांवरच्या 'पेपानिक' चाचणीत शिरेतून दिलं जाणारं पोषण एका गटाला पहिल्या दिवसापासून दिलं, दुसऱ्याला आठवडाभर दिलं नाही. नळीने पोटात जितकं अन्न जाईल तितकं मात्र दोघांनाही दिलं. नवा जंतुसंसर्ग पहिल्या गटात १८.५ टक्के मुलांना झाला, दुसऱ्यात १०.७ टक्के. आयसीयूतला मुक्कामही ९.२ दिवसांवरून ६.५ दिवसांवर आला.

मग 'कमी तेच चांगलं' का?

इथेच आपण दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. अपेंडिक्सचं उदाहरण बघा. पोट दुखतंय, अपेंडिक्सला सूज आहे, पण ते फुटलेलं नाही. मग ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिकवर भागेल का? कुठल्याही पालकाला हे आवडेल. ५ ते १६ वर्षांच्या ९३६ मुलांवर ११ रुग्णालयांत ही तुलना झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. अँटिबायोटिक घेतलेल्या ३४ टक्के मुलांमध्ये उपचार अपयशी ठरले, म्हणजे मुख्यतः वर्षभरात त्यांना ऑपरेशन करावंच लागलं. ऑपरेशनच्या गटात अपयश, म्हणजे काढलेलं अपेंडिक्स निरोगी निघणं, ७ टक्के होतं. दोन्ही गटांत एकही मृत्यू झाला नाही. म्हणजे इथे 'कमी' हा पर्याय सरस ठरला नाही. तरीही जवळपास दोन तृतीयांश मुलांचं ऑपरेशन टळलं, त्यामुळे काही पालक विचारपूर्वक तोच मार्ग निवडतीलही.

तिसरा प्रकार म्हणजे 'काहीच फरक नाही'. दोन वर्षांखालच्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनमधून नायट्रिक ऑक्साइड दिल्यास फायदा होईल, अशी मोठी आशा होती. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या सुमारे १,३७० बाळांवरची चाचणी २०२२ मध्ये 'जामा'त आली. व्हेंटिलेटरशिवायचे दिवस एका गटात २६.६, दुसऱ्यात २६.४. आशा मावळली.

माझ्या मते या सगळ्याचा धडा 'कमी' किंवा 'जास्त' असा नाही. डॉक्टरांचा अनुभव, पाठ्यपुस्तकातलं तर्कशास्त्र आणि पालकांची तळमळ या तिन्ही गोष्टी एकत्र येऊनही चुकू शकतात. त्या चुकल्या हे फक्त दोन गट शेजारी-शेजारी ठेवून मोजल्यावरच कळतं. मी इंजिनीअरिंग करून या पेशात आलो. लॅबमध्ये तुलनेसाठी दुसरा नमुना नसेल तर सर आमचं जर्नल तपासायचेही नाहीत. मुलांच्या औषधोपचारात मात्र कित्येक पद्धती वर्षानुवर्षं अशा तुलनेशिवाय चालत आल्या.

आपल्या मुलांचा पुरावा कुठे आहे?

वरच्या चाचण्यांमधली बहुतेक मुलं परदेशातली आहेत. आपल्याकडचं कुपोषण, डेंग्यू आणि उशिरा गाठलेलं रुग्णालय हे सगळं त्या आकड्यांत येत नाही. भारतातही असं काम होऊ शकतं, हे दिसलं आहे. ४ मोठ्या रुग्णालयांतल्या सेप्टिक शॉकच्या ७०८ मुलांवर साधं सलाईन आणि शरीरातल्या क्षारांशी जुळणारं द्रव यांची तुलना झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या सलाईनच्या गटात ३३ टक्के मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, दुसऱ्या गटात २१ टक्के. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण रोजच्या वापरातली बाटली बदलून इतका फरक पडतो, हे आपल्याच मुलांनी दाखवून दिलं.

'आमच्या मुलावर प्रयोग नको', ही पालकांची भीती मी समजू शकतो. भारतात औषध चाचण्यांचा इतिहास बघता ती अनाठायीही नाही. म्हणूनच नियम आहेत. पालकांची लेखी संमती हवी, सात वर्षांवरच्या मुलाचा होकार हवा, नैतिकता समितीची परवानगी हवी. चाचणीची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी संकेतस्थळावर हवी, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. मोबाइलवर दोन मिनिटं लागतात. पण हेही लक्षात घ्यायला हवं, की न तपासलेला उपचार रोज देत राहणं हाही एक प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

पालकांनी काय करावं?

आणीबाणीत वाद घालू नका, डॉक्टरांना काम करू द्या. प्रकृती स्थिरावली की मात्र तीन प्रश्न जरूर विचारा. हा उपचार कशासाठी आहे? तो दिला नाही, किंवा थोडं थांबलो, तर काय होईल? तो कधी बंद करणार? चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. आणि ते 'सध्या थांबूया' म्हणाले, तर त्यांनी हात टेकले असं समजू नका.

आणि आमचं काय? 'चमत्कारी उपचाराने बाळाला जीवदान' या बातमीला डेस्कवर लगेच जागा मिळते. 'या उपचाराचा फायदा नाही' ही बातमी मी स्वतः दोनदा मागे ठेवली आहे, क्लिक येणार नाहीत म्हणून. फीस्टचे आकडे पुन्हा वाचताना ते आठवलं. त्या तीन देशांतल्या पालकांनी मुलं अत्यवस्थ असताना चाचणीला होकार दिला. त्यांच्यामुळे आज दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला नको असलेलं सलाईन लागत नाही. अशी बातमी पुन्हा आली, तर ती मागे राहणार नाही.