जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

ऊस गाळपाचा हंगाम तोंडावर आला की गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. टायर बदलतात, ग्रीस भरतात, फाळके रंगवतात. टेप वाजतो का नाही हेसुद्धा बघितलं जातं! पण सीटखाली तेलकट फडक्यात पडलेला जॅक कुणी बाहेर काढून बघत नाही. त्याची आठवण होते ती रात्री दोन वाजता, भरल्या ट्रॉलीचं चाक बसल्यावर. मग ज्याचा मिळेल त्याचा जॅक, हाताला येतील ते दगड, आणि घाईघाईत अर्धं अंग ट्रॉलीखाली घातलेला एखादा पोरगा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय इथं पाण्यावर भागत नाही, जीव मागते.

शेतकरी बंधूंनो, एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. जॅक हा वजन उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. हायड्रोलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर तोललेला असतो आणि ते तेल अडवून धरतं ते एक लहानसं सील. सील फाटलं, स्क्रू जरा ढिला राहिला किंवा बूड कलंडलं, की वाहन खाली आलंच. तेव्हा चाक उचललं की लगेच एक्सलखाली लाकडी ठोकळे रचा, भार ठोकळ्यांवर टेकवा आणि मगच चाकाला हात घाला. ठोकळे नसतील तर खाली जायचं नाही. मालक म्हणाला तरी नाही.

आता जॅक घेताना काय बघावं? पहिलं म्हणजे वजन. समजा चार चाकांच्या ट्रॉलीत दहा टन ऊस आहे आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन. सरळ हिशेबाने एका चाकावर तीन टन आले. पण गाडी कधी सपाट जागी बसत नाही. एक बाजू खचली की त्या चाकावर चार टनही येतात. म्हणून लागेल त्याच्या दुप्पट ताकदीचा जॅक घ्यावा. अशा ट्रॉलीला दहा टनी जॅक योग्य, जीपबरोबर आलेला जॅक तिथं चालत नाही.

दुसरं म्हणजे उंची. हवा गेलेल्या टायरवर एक्सल खाली येतो, आणि पूर्ण मिटवलेला जॅकही मग खाली शिरत नाही. दुकानात जाण्याआधी हवा सोडलेल्या टायरवर एक्सलची उंची मोजा. हवा भरलेलं नवीन चाक बसायला आणखी किती उचलावं लागेल तेही मोजा आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. जीपला जॅक एक्सलखाली, चाकाच्या जवळ लावावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंग लांबत जाते, चाक तिथंच राहतं, आणि गाडी उंच होऊन डगमगते ती वेगळीच.

तिसरी गोष्ट आपल्या रानाची. जॅकचं बूड साधारण चार इंच बाय पाच इंच, म्हणजे वीस चौरस इंच. तीन टन त्यावर आले की जमिनीच्या एका चौरस इंचावर दीडशे किलोचा दाब पडतो. ओल्या काळ्या रानात माणसाच्या टाचेचा ठसा उमटतो, तिथं जॅक वर जायच्या ऐवजी खालीच जाणार. बुडाखाली दीड फूट बाय एक फुटाची जाड फळी घातली तर तोच दाब चौदा किलोवर येतो. बाभळीची दोन इंच जाडीची फळी आणि चार-सहा ठोकळे ट्रॉलीला कायम बांधून ठेवा. ठोकळे एक थर आडवा, एक थर उभा असे रचावेत. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरू नयेत. लाकूड आधी करकरतं, वीट न सांगता फुटते.

जॅक लावायच्या आधीची तयारी तेवढीच महत्त्वाची. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, उचलल्यावर पान्यावर उड्या मारू नका. टायरच्या बैलगाडीचं चाक असेल तर आधी बैल सोडा आणि जुवाखाली भक्कम टेकू द्या. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलता असतो. मागचं चाक उचलताना त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी मारल्या नाहीत तर ट्रॅक्टर कलतो. शिवाय मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर ते चाक एकट्या माणसाला आवरत नाही. नवीन चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा आणि पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळा.

जॅकची निगा सोपी आहे. काम झालं की दांडा पूर्ण खाली दाबून ठेवा, उघडा राहिलेला दांडा गंजतो आणि गंज सील कापतो. जॅक उभा ठेवा, आडवा पडला तर आत हवा शिरते. पंप मारून उचलत नसेल तर तेल सोडायचा स्क्रू उघडून आठ-दहा वेळा दांडी मारा, हवा निघून जाते. तेल भरताना दांडा खाली असावा आणि तेल जॅकचंच असावं. ब्रेक ऑइलने रबरी सील फुगून खराब होतं, इंजिनातलं जळकं तेल आत घाण सोडतं. उतरवताना स्क्रू एकदम उघडू नये, हळूहळू ढिला करावा. आणि हंगामाआधी एकदा भार उचलून जॅक अर्धा तास तसाच ठेवून बघा, आसपास कुणी नसताना. तो खाली बसत असेल तर सील बदला. सीलला लागतो तो खर्च दवाखान्याच्या पायरीएवढाही नसतो.

कारखान्यांच्या शेतकी खात्याला आणि ग्रामपंचायतींनाही आमचं सांगणं आहे. वाहतुकीचा करार करताना कागदपत्रं तपासली जातात, त्याच वेळी जॅक, फळी, ठोकळे आणि मागचा रिफ्लेक्टरही डोळ्यांनी बघा. प्रत्येक गट कार्यालयात एक मोठा जॅक आणि ठोकळ्यांचा संच ठेवा. पंचायतीच्या टँकरवर आणि ट्रॅक्टरवरही तेच. रात्री चाक बदलणाऱ्या पोराला तिथून फोनवर मदत मिळाली, तर तो उधारीच्या जॅकवर जीव टांगणार नाही.

लाखांची ट्रॉली आणि टनांचा ऊस यांच्यापुढे काही हजारांचा जॅक आणि चार ठोकळे म्हणजे काहीच नाही. आज संध्याकाळी सीटखालचं ते फडकं सोडून बघाच.