उजेडावर सवलत नको

उंच आणि दाट वस्तीच्या गृहप्रकल्पांसाठी लावलेले नियम परवडत नाहीत, अशी बिल्डरांची तक्रार आहे. इमारतीभोवती सामासिक अंतर सोडा, पार्किंग द्या, मोकळी जागा ठेवा, अग्निशमनाची गाडी फिरेल एवढा रस्ता ठेवा; यातून उरलेल्या जागेत स्वस्त घर बांधायचे कसे, असा त्यांचा सवाल आहे. हा प्रश्न पुण्या-मुंबईचा म्हणून सोडून देता येणार नाही. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यातून कामासाठी वाघोली-चाकणला गेलेला तरुण वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो, तो अशाच इमारतीतल्या दोन खोल्यांसाठी. शिवाय 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मुंबई आणि काही मोजके भाग वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू आहे. गेवराई आणि बीडमध्ये मजले चढतील तेही तिच्याच आधाराने.

बिल्डरांच्या तक्रारीतला अर्धा भाग खरा आहे. एका परवानगीसाठी अनेक दारे झिजवावी लागतात. 20 हजार चौरस मीटरच्या पुढे पर्यावरण मंजुरी लागते, अग्निशमनाचा दाखला वेगळा, आणि प्रत्येक टप्प्यावर शुल्क भरावे लागते. फाईल अडून राहते तेवढे दिवस व्याज चढत जाते आणि शेवटी ते घर घेणाऱ्याच्याच माथी बसते. इथे सरकारने हयगय केली आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

पण अंतर आणि मोकळ्या जागेचे नियमच सैल करा, हा उरलेला अर्धा भाग मान्य करता येत नाही. 1896 च्या प्लेगने मुंबईच्या चाळी पोखरल्या, त्यानंतर 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खिडकीपासून समोरची भिंत तिच्या उंचीच्या साधारण निम्म्या अंतरावर असली पाहिजे, म्हणजे खालच्या खोलीतही आकाश दिसेल, असा तो हिशेब होता. त्यामागे माणसे मेल्याचा अनुभव होता.

तो अनुभव आपण विसरलो, याचा पुरावा गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये उभा आहे. विस्थापितांसाठी बांधलेल्या या वसाहतीत नियम शिथिल केले गेले आणि दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर उरले. खालच्या मजल्यावरच्या घरात भर दुपारी ट्यूब लावावी लागते. समोरची खिडकी इतकी जवळ की आडोशासाठी पडदा ओढावा लागतो आणि मग वाराही थांबतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अशा वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा कमी उजेड आणि कोंदट हवेच्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. घर फुकट मिळाले, पण त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली.

सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2013 रोजी दादरच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात बजावले की, नियमाने ठरलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. यात लहान मुले, म्हातारी माणसे आणि आग लागल्यावर धावून येणारा जवान, या तिघांचाही विचार आहे.

खरी गोम पुढे आहे. अंतर कमी पडले तर ‘अडचण’ दाखवून, प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून सूट मिळवता येते. पालिकेची तिजोरी भरते, बिल्डरला मजला मिळतो आणि अंधार मात्र घर घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. व्यवहार करणाऱ्या दोघांपैकी एकालाही त्या खोलीत राहायचे नसते! मोकळ्या भूखंडावर नवी इमारत उभारताना अडचण कसली? जागेचे माप पहिल्या दिवसापासून माहीत असते.

नगरविकास विभागाने सौदा सरळ करावा. परवानग्या एका खिडकीतून, ठरलेल्या मुदतीत द्याव्यात. मुदत टळली तर विलंबाचा भुर्दंड सरकारने सोसावा. छोट्या घरांच्या प्रकल्पांचे शुल्क उतरवावे, बस-रेल्वेजवळ पार्किंगची सक्तीही कमी करावी. मात्र नव्या बांधकामात सामासिक अंतर, वायुवीजन आणि अग्निसुरक्षा यांवर पैसे घेऊन सूट देण्याचे कलम काढून टाकावे. बीड, गेवराईच्या नगरपालिकांनी तर त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहू नये. सूट देता येते म्हणून ती दिलीच पाहिजे, असे नियमावलीत कुठेही लिहिलेले नाही.