दोष तेलाचा की रक्ताचा?

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत अवघ्या काही दिवसांत लोकांना टक्कल पडू लागले. आधी पाण्यावर, शाम्पूवर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.

असे क्वचितच घडते. आमच्या चिंचोटीत कारणे नेहमीचीच. पुरुषांचे टक्कल बहुतेक आनुवंशिक असते, आजोळकडूनही येते. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा काही महिन्यांत पुन्हा येतात. थायरॉईड, लोहाची कमतरता, ओढून बांधलेली वेणी हीही कारणे. ओढणीला उगाच दोष देऊ नये; तिच्याखाली केस आवळून बांधू नयेत, एवढेच.

आमची धाकटी भावजय बाळंत झाली तेव्हा केस गळताना पाहून “तेल लावत नाहीस” असे आम्हीही तिला बोललो. तपासले तर हिमोग्लोबिन ८! तेलाने रक्त वाढत नाही.

तेव्हा घरात कुणाचे केस गळत असतील तर टोमणा नको, आधी रक्त तपासून घ्या. औषध डॉक्टरांना विचारूनच. अल्लाह सर्वांना सेहत देवो.